शिसवी म्हणून आणलेले लाटणे

आमच्या घरातल्या लाटण्याविषयी सध्या तीन हकिकती प्रचलित आहेत आणि तिन्ही चुकीच्या आहेत. पहिली समोरच्या दारातल्या शेजारणीची: ते लाटणे स्मशानातल्या लाकडाचे असून त्यावर मेलेल्या माणसाचा हात उमटतो. दुसरी माझ्या मुलाची: लाटण्यात काहीही नाही, आईला विसर पडू लागला आहे आणि बाबा तिची बाजू राखण्यासाठी लाकडाच्या कथा रचत आहेत. तिसरी सुनेची. ती सर्वांत समजूतदार आवाजात सांगितली जाते, म्हणून सर्वांत घातक आहे: दोघांचेही आता वय झाले.

मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. त्यांपैकी बत्तीस वर्षे मी ओतशाळेसाठी लाकडाचे साचे घडवले. साचा केसभर चुकला, तर त्यावरून ओतलेले लोखंड भंगारात जाते. माझा एकही साचा परत आला नाही. तेव्हा लाकडाविषयी मला कोणी शिकवू नये, आणि त्या लाटण्याविषयी तर नाहीच. कारण ते मी आणले, मीच बिघडवले, आणि ते मुळात काय आहे हे या घरात फार काळ मला एकट्यालाच ठाऊक होते.

लाटणे कसे निवडावे हे आधी सांगतो, म्हणजे मी अजाणतेपणी फसलो असे कोणाला म्हणता येणार नाही. लाकडातल्या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ धावल्या पाहिजेत. एखादी रेषा मध्येच बाजूला फुटली असेल, तर ती पुढच्या उन्हाळ्यातली चीर समजावी. मग लाटणे डोळ्यासमोर उभे धरून टोकाकडून पाहावे. वर्तुळांचा मध्य त्या टोकातच दिसत असेल तर ते बारीक फांदीचे लाकूड आहे आणि ते आज ना उद्या वाकणार. गाठ नको. रंगाला भुलू नये. अंगठा ओला करून घासावा, रंग अंगठ्यावर आला तर लाटणे दुकानदारालाच परत द्यावे. काचेवर ठेवून बोटाने ढकलावे. सरळ असेल ते निमूटपणे जाते, वाकडे असेल ते ठेचकाळत जाते. आणि वजन असे असावे की ते मनगटाला जाणवावे, खांद्याला जाणवू नये. हे सर्व मला तेव्हाही ठाऊक होते. ज्या लाटण्याची ही गोष्ट आहे ते या प्रत्येक कसोटीला उतरले होते. चूक लाकडात नव्हती. ते लाकूड त्याआधी कोणाच्या हातात होते, हा प्रश्न मी विचारला आणि त्याचे उत्तर नीट ऐकले नाही.

पस्तीस वर्षांपूर्वी आम्ही मीरा रोडला पूनम सागरमध्ये घर घेतले. आमच्या घराण्याची एक रीत होती: नव्या स्वयंपाकघरातले पोळपाट-लाटणे बाजारातून आणायचे नाही, ते घरच्या परसातल्या लाकडाचे असायचे आणि घरातल्या पुरुषाने स्वतः आणायचे. पोळपाट माझ्या आईचा होता. लाटणे आणण्यासाठी मी रत्नागिरीकडच्या आमच्या गावी गेलो. तिथे माझ्या थोरल्या भावाने मला ओटीवरूनच परत पाठवले. कारण इथे सांगण्याजोगे नाही, आणि दोष माझा नव्हता. मी पाणीही न पिता निघालो.

बायकोला जाताना सांगून गेलो होतो, ‘आपल्या परसातल्या शिसवाचं लाटणं आणतो.’ रिकाम्या हाताने परत जाणे म्हणजे भावाने माझ्याशी काय केले हे तिला सांगणे होते. ते माझ्याने होण्यासारखे नव्हते. म्हणून मीरा रोडला न उतरता मी पुढे भाईंदरला उतरलो आणि तिथून मुर्ध्याला गेलो. तिथे खाडीकडेच्या एका पडवीत होड्या दुरुस्त करणारा एक सुतार होता. माझी आणि त्याची लाकडामुळे ओळख होती. त्याच्या पडवीच्या कोपऱ्यात जुने दांडे उभे करून ठेवलेले होते. त्यांतला एक मी उचलला आणि मला तो खाली ठेववेना. सरळ, जड, मधल्या भागात इतका गुळगुळीत की रंध्यानेही तसा होणार नाही.

“कशाचा आहे?” मी विचारले.

“धामणीच्या लाकडाचा. दाताळ्याचा दांडा हाय, मिठागरातला.” वाफ्यात तयार झालेले मीठ कडेला ओढायचे लाकडी दाताळे तेव्हा इकडे सर्वांना ठाऊक होते, आमच्या गच्चीवरून खाडीपर्यंत मिठागरेच दिसत.

“ज्याचा होता तो?”

“त्यानं काम सोडलं.”

मी पुढे काही विचारले नाही. मला हवी तेवढी लांबी मी मापून दिली. त्याने दांडा दोन्हीकडून कापला आणि टोके गोल केली. मधल्या भागाला मात्र हत्यार लावले नाही. “तिथं कशाला मारू रंधा? हातानीच झालाय,” असे म्हणाला. देताना लाटणे त्याने क्षणभर हातातच धरून ठेवले. “तेल चोळीत र्‍हा याला. तीस वरसं मीठ प्यायलाय. कोरडा पडला तर ओकील. मंग मला सांगाया येऊ नको.”

घरी येऊन मी बायकोच्या हातात लाटणे ठेवले आणि म्हणालो, “आपल्या परसातला शिसव.” तिने ते दोन्ही तळव्यांत फिरवले. माझ्याकडे पाहिले. म्हणाली, “बरं.”

तेल चोळायला मी तिला सांगितले नाही. का चोळायचे हे सांगावे लागले असते. पण ती आपणहून चोळत असे. शेवटची पोळी तव्यावर पडली की लाटण्याला चिकटलेले पीठ सुरीच्या बोथट पाठीने काढायचे, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायचे, आणि तळहातावर खोबरेलाचे दोन थेंब घेऊन ते आडवे चोळायचे. पाण्यात बुडवायचे नाही, उन्हात ठेवायचे नाही. खिडकीशेजारच्या खिळ्याला दोरीने उभे टांगायचे. खोबरेल खवट होते, जवसाचे तेल लाव, असे मी तिला पस्तीस वर्षे सांगितले. तिने पस्तीस वर्षे ऐकले नाही. रोज पुसले जाणारे आणि रोज लागणारे तेल खवट व्हायला थांबत नाही, हे तिचे म्हणणे बरोबर होते. ते मी आज मान्य करतो. लाटणे हळूहळू काळेभोर झाले, खऱ्या शिसवासारखे. पाहुण्यांना मी ते दाखवत असे. कोणी बोट लावून ‘काय लाकूड आहे!’ म्हटले की मी परसातल्या झाडाचे वर्णन करीत असे, आणि शेवटी शेवटी ते झाड मला दिसतही असे.

गेल्या वर्षी चैत्रात त्याच खोबरेलाचा एक थेंब फरशीवर पडला आणि त्यावरून बायकोचा पाय घसरला. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर मुलाने तिला भाईंदर पूर्वेला जेसल पार्कात आपल्या घरी नेले. मलाही बोलावले होते. मी गेलो नाही. स्वतःच्या घरात एकट्याने राहण्याइतका मी समर्थ आहे, हे मला दाखवायचे होते. मी स्वयंपाक शिकलो. पोळ्या जमल्या नाहीत, पण भाकऱ्या, आमटी, भात हे सर्व झाले. आणि दुपारी करण्यासारखे काही नसल्यामुळे माझे लक्ष त्या लाटण्याकडे गेले.

मला ते मळकट वाटले. ज्या माणसाने उभे आयुष्य लाकूड तासले, त्याला पस्तीस वर्षांचा तेलाचा थर म्हणजे घाण वाटली, हे लिहिताना मला आजही लाज वाटते. मी काचेच्या तुकड्याने तो थर खरवडला. मग जाड पॉलिश पेपर, मग बारीक. दोन दुपारी लागल्या. आतून तांबूस, कोरडे, नवेकोरे लाकूड निघाले. बायको परत येईल तेव्हा ते तिला भेट म्हणून द्यायचे मी ठरवले होते.

आषाढात ती परत आली. वॉकर ढकलत आधी स्वयंपाकघरातच गेली.

“हे काय केलंत?”

“साफ केलं.”

“मळलेलं कुठे होतं ते?”

तेलाची बाटली मुलाने त्याआधीच ओट्यावरून हलवून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली होती. स्वयंपाकघरात तेलाचा हात पुन्हा फरशीला लागता कामा नये, अशी त्याने सक्त ताकीद दिली होती. म्हणजे लाटण्यावरचा थर मी काढला आणि त्यावर येणारे तेल मुलाने बंद केले. तो हे मान्य करीत नाही. मी दोन्ही गोष्टी मान्य करतो.

पहिल्याच रविवारी मुलगा आणि सून जेवायला आले. मुलाने घास तोंडात घातला आणि थांबला.

“आई, मीठ दोनदा पडलंय.”

“एकदाच घातलं रे.”

“अगं, खारट झालीय पोळी. बाबा, तुम्ही खाताय कशी?”

“मला बरी लागते,” मी म्हणालो. ती खारट होती.

“असू द्या हो, आई. माझंही होतं कधी कधी,” सून म्हणाली. ते तिने इतक्या मायेने म्हटले की बायकोने हातातला घास ताटात ठेवला.

त्यानंतर कधी पोळी ठीक व्हायची, कधी खारट. त्यात मेळ नाही असे सर्वांना वाटले आणि म्हणूनच ते सर्वांना विसराळूपणाचे लक्षण वाटले. मेळ होता. अमावास्येच्या आणि पौर्णिमेच्या आगेमागे, खाडीला उधाण असताना आणि हवा ओली असताना, पोळी खारट व्हायची. एकदा उघडीप पडली, हवा कोरडी झाली की दोन-तीन दिवस बरोबर. हे मी नंतर कॅलेंडरवर खुणा करून ताडले. तेव्हा मला एवढेच दिसत होते की बायको बदलते आहे. मीठ घातले की ती वाटीत एक हरभरा टाकू लागली. मग हरभरा टाकला की नाही याची तिला शंका येऊ लागली. एके दिवशी जेवताना तिच्या डाव्या तळहातावर मला पेनाने लिहिलेले दिसले: ‘मीठ झाले’. पिठामुळे अक्षरे अर्धी पुसली होती.

मुलाने एका तज्ज्ञ डॉक्टरकडे नाव घातले. नंबर लागायला वेळ होता. “तोपर्यंत गॅस नको, आई. डबा लावतो. आज मीठ विसरतेयस, उद्या शेगडी चालू ठेवशील,” तो म्हणाला. रेग्युलेटर काढून तो आपल्या पिशवीत घालणार होता, तेवढे मात्र माझ्या ओरडण्याने टळले. पण डॉक्टरने तसे सांगितले तर ती त्याच्याकडे राहील, असे ठरले. ती. आम्ही दोघे नव्हे. त्याच्याकडे एकच खोली मोकळी आहे.

श्रावणातल्या एका दुपारी ती निजली होती आणि मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. वारा नव्हता. खिळ्याला लाटणे उभे टांगलेले होते आणि त्याच्या खालच्या टोकाला पाण्याचा एक थेंब लोंबत होता. मी पाहत असताना तो वाढला, लांबट झाला आणि ओट्यावर पडला. टप्. लाटणे आदल्या दिवसापासून कोणी धुतले नव्हते. मी उभा राहिलो. बऱ्याच वेळाने दुसरा थेंब तयार झाला. घरात कोणीतरी उभे राहून घाम गाळते आहे आणि मी त्याच्या पुढ्यात उगाच हात बांधून उभा आहे, असे मला वाटले. मी घाबरलो नाही. पण दुसरा थेंब पडण्याआधी मी बाहेर आलो.

पुढे चार दिवस कोरडे गेले, तेव्हा लाटण्यावर पांढुरके फूल धरले, भिंतीला ओल सुकताना धरते तसे. शेजारीण दही मागायला आली होती. तिचे लक्ष गेले.

“अंकल, इसपे किसीका हाथ है।”

“हात वगैरे काही नाही. लाकूड आहे.”

“देखो ना, चार उंगली। और ये अंगूठा।”

हेच ती पुढे सगळ्या विंगमध्ये सांगत फिरली, आणि त्यात स्मशान तिने पदरचे घातले. वस्तुस्थिती अशी होती: लाटण्याची दोन्ही टोके काळसर होती, तिथे बायकोचे तळवे पस्तीस वर्षे फिरले होते. त्यापुढे दोन्हीकडे पांढरे फूल. आणि अगदी मध्ये, जिथे लाटताना कोणाचाच हात जात नाही, तिथे पुन्हा काळसर पट्टा. तो चार ठिकाणी रुंद आणि चार ठिकाणी अरुंद होता. मी त्याला पट्टा म्हणतो. शेजारीण गेल्यावर मी माझा उजवा हात त्यावर ठेवून पाहिला. बोटे बसली नाहीत. मग डावा ठेवला. तो बसला.

दुसऱ्या दिवशी बायकोने मला ओट्याशी बोलावले. “अहो, इथे उभे राहा. माझ्या हातांकडे बघत राहा.” तिने कणीक घेतली, पाणी घेतले. मिठाचा डबा माझ्या हातात दिला. “हा तुम्ही धरा.” मिठाशिवाय कणीक भिजली. तिने दोन पोळ्या लाटल्या, भाजल्या, एक तुकडा मला दिला, एक स्वतः खाल्ला. तिचा चेहरा उतरत गेला तो मी पाहिला.

“म्हणजे मी घातलं,” ती म्हणाली.

“तू घातलं नाहीस. डबा माझ्या हातात आहे.”

“मग खारट कशी?”

मी डबा ओट्यावर ठेवला.

“तुम्ही माझ्यासाठी म्हणताय. मी घातलं आणि तुम्ही सांगत नाही आहात.” मग हळू म्हणाली, “मला आठवतच नाही हो.”

ती आत जाऊन पडली. मी लाटणे खिळ्यावरून काढले आणि त्याला जीभ लावली. समुद्राचे पाणी प्यावे तसे तोंड झाले. त्याच क्षणी मला त्या सुताराचा आवाज आठवला, शब्दनशब्द. कोरडा पडला तर ओकील.

इथे मी माझ्याविषयी जे लिहिणार आहे ते त्या तिन्ही हकिकतींत कुठेच नाही, आणि ते माझ्याच विरुद्ध जाते. मला सर्व उलगडले होते आणि तरीही मी एकवीस दिवस गप्प राहिलो. सांगायचे तर ‘लाटणे शिसवाचे नाही’ इथून सुरुवात करावी लागली असती, आणि मग भावापर्यंत जावे लागले असते. त्या एकवीस दिवसांत बायकोने पोळ्या करणे सोडले. डबा येऊ लागला. ती खिडकीत बसून असे. एकदा तिने मला माझा चहा झाला का म्हणून विचारले, आणि लगेच म्हणाली, “की मी आत्ताच विचारलं?” तिने आत्ताच विचारलेले नव्हते.

बाविसाव्या दिवशी मी मुर्ध्याला गेलो. खरे कारण असे की सुतार भेटला तर त्याच्याकडून वदवून घ्यावे, म्हणजे मला कमी बोलावे लागेल. पडवी नव्हती. तिच्या जागी इमारतीच्या कामाचे निळे पत्रे उभे होते. पत्र्यांना लागून एक जुने घर उरले होते आणि त्याच्या दारात सुताराची म्हातारी बसली होती. सुतार केव्हाच गेला होता. मी कोण ते सांगितले.

“त्यांनी मला दाताळ्याचा एक दांडा दिला होता. धामणीचा.”

“त्याचा काय केलास?”

“लाटणं.”

तिने पत्र्यांकडे तोंड फिरवले. “तेल बंद केलंस?”

“हो.”

“मंग तो तरी काय करील.”

“तुमच्या मालकांनी सांगितलं होतं, ज्याचा दांडा होता त्यानं काम सोडलं.”

“सोडलंच. उभ्या उभ्या सोडलं. दुपारच्याला वाफ्यात उभा होता, दांडा हातात. हाक मारली तर वळला न्हाय. जवळ गेलू तं थंड. बोटं एकेक करून सोडवली आमी दांड्यावरशी.”

“मेलेला माणूस उभा राहत नाही,” मी म्हणालो.

“तू होतास काय तिथं?”

मी नव्हतो. “कोण होता तो?”

“माझा दीर. यांचा भाव. दांडा घरात ठेववं ना, टाकवं ना. मंग तू आलास.” मग म्हणाली, “डावखुरा होता.”

हे मी तिला विचारलेले नव्हते. माझ्या डाव्या हाताची गोष्ट मी तिला सांगितलेली नव्हती. ती मी त्या दिवसापर्यंत कोणालाच सांगितली नव्हती.

सोमवारी डॉक्टरकडे जायचे होते. रविवारी मुलगा आणि सून बायकोची बॅग भरायला आले. मी लाटणे आणून टेबलावर ठेवले आणि सर्व सांगितले: भाऊ, ओटी, मुर्धा, दांडा, मीठ, काच, पॉलिश पेपर, एकवीस दिवसांचे गप्प बसणे. मी उभा राहून बोललो. मला वाटले होते की बोलून झाल्यावर खोलीत मोठी शांतता होईल.

“बाबा,” मुलगा म्हणाला, “लहानपणापासून आम्ही ऐकतोय, आजोबांच्या परसातला शिसव. माझ्या मित्रांना सांगितलंय मी. आता आईची टेस्ट आहे म्हणून तो अचानक मिठागराचा झाला?”

“जीभ लावून बघ.”

“बाबा, प्लीज.”

सुनेने लावली. “खारट आहे हो,” ती नवऱ्याला म्हणाली.

“ओट्यावर असतं ते. पीठ, मीठ, सगळं लागतं त्याला. त्यात काय?”

“ओटा तीन आठवडे बंद आहे!” मी ओरडलो.

“तेच म्हणतोय मी. तुम्ही आधी खोटं बोलत होता की आत्ता बोलताय, ते तरी ठरवा.”

पस्तीस वर्षे मीच त्याला त्या झाडाची सावली दाखवली होती.

तेव्हा बायको बोलली. “शिसवाचं नाही ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.”

मी तिच्याकडे पाहिले.

“दोन वर्षं नांदले मी त्या घरात. परसात दोन फणस, एक रातांबा आणि विहिरीपाशी शेवगा. शिसव कुठला?” ती माझ्याशी बोलत होती, पण पाहत लाटण्याकडे होती. “भावजी काहीतरी बोलले असणार, एवढं कळलं. म्हटलं, असू दे. लाकडाचं खोटं चाललं मला. पण हे? मी हातावर लिहून ठेवत होते, आणि तुम्ही तीन आठवडे माझ्यासमोर बसून डबा खात होतात.”

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरकडे गेली. घड्याळ काढले, प्राण्यांची नावे सांगितली. तारीख चुकली, वार बरोबर आला. वयाच्या मानाने ठीक आहे, सहा महिन्यांनी पुन्हा आणा, असे डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी एक गोळी लिहून दिली. ती घरी राहिली. मुलगा म्हणतो, ती बरी आहे ती औषधाच्या गोळीमुळे. ती गोळी जीवनसत्त्वाची आहे.

माझ्याशी ती अकरा दिवस बोलली नाही. बाराव्या सकाळी म्हणाली, “वरची बाटली काढा.” ओट्याशी खुर्ची घेऊन बसली आणि लाटण्याला तेल चोळू लागली. दोन थेंबांनी भागले नाही. ते लाकूड पीतच राहिले, जवळजवळ अर्धी बाटली. मधला पट्टा बुडाला, पांढरे फूल बुडाले. आठवडाभर ती रोज तेवढेच करीत होती. मग पोळ्या लाटल्या. मीठ बरोबर होते.

त्यामुळे माझा पुरावा नाहीसा झाला, हे उघड आहे. तेल प्यायलेले लाकूड आता काहीच बाहेर सोडत नाही आणि मुलगा म्हणतो, “बघा, आई आता लक्ष देतेय म्हणून होतंय.” मी ते पुन्हा खरवडून महिनाभरात सिद्ध करून दाखवू शकतो. पण बायकोने बजावले आहे, “त्याला परत हात लावायचा नाही.” मी लावलेला नाही.

दिवाळीआधी मी भाईंदरच्या बाजारात जाऊन नवे लाटणे आणले. या वेळी खऱ्या शिसवाचे. रेषा पाहिल्या, टोक पाहिले, अंगठा घासला, दुकानदाराच्या काचेच्या कपाटावर ते फिरवून पाहिले तेव्हा तो वैतागला. पस्तीस वर्षांपूर्वी कबूल केलेली वस्तू मी बायकोच्या हातात ठेवली. तिने ते जुन्या लाटण्याशेजारी दुसऱ्या खिळ्याला टांगले.

मार्गशीर्षात हवा चांगली कोरडी होती. अमावास्या नव्हती, पौर्णिमा नव्हती. त्या सकाळी तिने पोळ्या नव्या लाटण्यावर लाटल्या. मी ताटावर बसलो, पहिला घास घेतला, आणि पोळी खारट होती. ती माझ्याकडे पाहत होती.

“मीठ बरोबर आहे ना?”

“बरोबर आहे.” मी चार पोळ्या खाल्ल्या, आणि तिच्यासाठी एकही उरणार नाही असे पाहिले.

ती विश्रांतीला गेल्यावर मी नवे लाटणे खिळ्यावरून काढून त्याला जीभ लावली. त्याला लाकडाखेरीज कसलीही चव नव्हती. जुन्यालाही लावली. खोबरेल, बाकी काही नाही. ते स्तब्ध लोंबत होते, त्याच्या टोकाला थेंब नव्हता. दोन लाटणी इतके दिवस एकमेकांना टेकून होती आणि लाकूड लाकडाकडून काही ना काही घेतच असते, हे माझे मत आहे, आणि साचे घडवणारा कोणीही ते उडवून लावणार नाही. मुलाला त्या सकाळविषयी सांगण्याची मला गरज वाटली नाही. हे मी लिहितो आहे, हे बायकोला ठाऊक आहे. काय लिहितो आहे, ते तिने विचारलेले नाही.

संध्याकाळी मी तिला म्हणालो, “मला ते शिसवाचं मानवत नाही. पोळी जाड होते त्यावर. तू आपली जुन्यावरच लाटत जा. रोज.”

ती भाजी निवडत होती. तिने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिले, पस्तीस वर्षांपूर्वी पाहिले होते तितकाच वेळ.

“बरं,” ती म्हणाली.